ग्लास फोडला की फुटला? स्पॅनिशचं 'से मे' प्रकरण

स्पॅनिश शिकायला लागले तेव्हा एकदा क्लासमधे मी बिनधास्त बोलून गेले 'रोम्पी एल बासो', म्हणजे मी ग्लास फोडला, तर मॅडम म्हणाल्या, का, राग आला होता? अहो नाही, भांडी घासताना साबणाच्या हातातून सटकला! मग म्हणायचं 'से मे रोम्पियो एल बासो'.

आधी साधं बघू. 'लेबान्तार' म्हणजे उचलणं, त्याला शेपटीला 'से' लावलं की 'लेबान्तारसे', स्वतःला उचलणं, म्हणजेच उठणं. भूतकाळात ते 'से' सुटं होऊन पुढे येतं आणि माणसाप्रमाणे बदलतं: मे लेबान्ते (मी उठले), ते लेबान्तास्ते (तू उठलास), से लेबान्तो (तो उठला), नोस लेबान्तामोस (आम्ही उठलो), से लेबान्तारोन (ते उठले). फक्त जोर नीट द्या हं, कारण 'मे लेबान्तो' मधे 'बान' वर जोर दिला तर ते वर्तमानकाळातलं 'मी उठते' होतं, आणि 'से लेबान्तो' मधे शेवटच्या 'तो' वर जोर आला की 'तो उठला'.

आता ग्लासकडे. 'से' म्हणजे ग्लास आपला आपण फुटला, 'मे' म्हणजे भुर्दंड मला, आणि क्रियापद चालतं ग्लासच्या मागे, माझ्या नाही. दोन ग्लास फुटले की लगेच 'से मे रोम्पिएरोन'. इंग्लिशमधून शिकणारे इथे हमखास अडकतात, पण आपल्याला यात नवीन काय आहे? आपण फोडला आणि फुटला वेगळं ठेवतोच, 'माझ्या हातून ग्लास फुटला', 'दोन ग्लास फुटले', कर्ता अलगद बाजूला. 'से मे ओल्बिदो' तर सरळसरळ आपलं 'मला विसरायला झालं', विसरले असं कबूल करायचंच नाही!

केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 2011 च्या पेपरमधे अशा बोलण्याचा आठवणीवर काही परिणाम होतो का हेच तपासलं. लोकांना व्हिडिओ दाखवले, काहींत माणूस मुद्दाम फुगा फोडतो असं काहीतरी, काहींत तेच चुकून होतं. मुद्दाम केलेलं कोणी केलं हे इंग्लिश आणि स्पॅनिशवाल्यांना सारखंच आठवलं, पण चुकून झालेल्यात तो माणूस कोण होता हे स्पॅनिशवाल्यांच्या कमी लक्षात राहिलं. म्हणजे मेमरी कच्ची असं नाही, लक्षच तिकडे कमी जात असावं. मराठीवाल्यांवर कोणीतरी करून बघायला पाहिजे राव.

आणि हो, बस चुकली तर 'से मे फुए एल आउतोबूस', माझी बस गेली. बस बिचारी टायमावरच गेलेली असते.