निखाऱ्यावरची निळी ज्योत

थंडी पडली की एखादी तरी बातमी येतेच: दारं-खिडक्या लावून, खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. मग घराला बाधा होती, कुणाची तरी नजर लागली, अशी कुजबुज. शेजारी हमखास म्हणतात, 'पण धूर तर अजिबात नव्हता हो!'

नव्हताच. लाकूड किंवा दगडी कोळसा तापला की आधी त्यातले वायू आणि डांबरी वाफा सुटतात. पिवळी ज्योत नि धूर त्यांचा. लोणारी कोळसा म्हणजे हे सगळं भट्टीतच निघून गेलेलं लाकूड. उरतो तो मुख्यतः कार्बन.

आता कणीसवाल्याच्या गाडीपाशी तिन्हीसांजेला उभं राहा. पुठ्ठ्यानं वारा घातला की निखाऱ्यांवर बोटभर निळी ज्योत थरथरते. ती निखाऱ्याची नाही, वायूची. शेगडीच्या जाळीतून आलेल्या हवेतला ऑक्सिजन तळाच्या निखाऱ्यांशीच संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शाळेतलं समीकरण इथं थांबतं, शेगडी थांबत नाही. तो वायू वरच्या लालभडक थरातून जाताना, साधारण ७०० अंशांच्या वर, त्याचा एकेक रेणू कार्बनचा आणखी एक अणू उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. ही क्रिया उष्णता देत नाही, उलट खाते: मोलमागे (मोल म्हणजे रेणू-अणू मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) १७२ किलोज्यूल. माथ्यावर ताजी हवा भेटली की मोनॉक्साइड जळतो आणि मोलमागे २८३ देतो. एक मोल कार्बन पुरता जळून मिळतात ३९४. म्हणजे शेगडीच्या उष्णतेचा मोठा वाटा त्या फिकट निळ्या ज्योतीचा!

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्याकडे बसला कोळशाची टाकी जोडून हाच वायू इंजिनाला पाजत.

सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. शेगडीतल्या वायूला वास नाही, रंग नाही. वजनानं तो जवळपास हवेइतकाच, त्यामुळे खोलीभर पसरतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही.

निखाऱ्यांवर राख साचली की माथा निवतो, निळी ज्योत मालवते. आत मात्र धग असते आणि वायू तयार होतच राहतो, फक्त आता तो न जळता बाहेर पडतो. नेमकी तेव्हाच 'विझत आलीय' म्हणून शेगडी उचलून निजायच्या खोलीत नेतात.