दमलं म्हणून युद्ध थांबत नाही

आमच्या इमारतीतली एक मुलगी खारकीवला एमबीबीएस करत होती. २०२२ च्या मार्चमध्ये 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने ती घरी परतली आणि उरलेलं शिक्षण तिने दुसऱ्या देशात पुरं केलं. परवा जिन्यात तिचे वडील भेटले. बोलणं युक्रेनवर आलं तसे ते म्हणाले, "आता दोघंही दमलेत हो. थांबेल आपोआप."

हे वाक्य मी गेली काही वर्षं सगळीकडे ऐकतोय. बातम्यांच्या चर्चेत, रेल्वेच्या डब्यात, सूर्यफूल तेलाचा भाव विचारताना वाण्याकडेसुद्धा. माणसं दमली की भांडण मिटतं हा आपला घरातला अनुभव, तोच आपण देशांना लावतो. पण दमणं आणि थांबणं यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. तो का नाही, हे सांगणारं एक गणित आहे. गेली अनेक वर्षं ते माझ्या डोक्यात घर करून बसलंय, म्हणून आज ते मांडतो.

या गणिताची सुरुवात रणांगणावर नाही, शेणाच्या पोवर झाली. पिवळ्या शेणमाशीचे नर ताज्या पोवर माद्यांची वाट बघत बसतात. पो जसजसा सुकतो तसतशा माद्या कमी येतात. मग नराने किती वेळ थांबावं आणि कधी दुसरा पो शोधावा? जेफ्री पार्कर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास तासन् तास बसून हे मोजलं. पुढे जॉन मेनार्ड स्मिथ या जीवशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये असल्या स्पर्धेचं गणिती रूप मांडलं. दोन प्राणी एकाच गोष्टीसाठी समोरासमोर उभे आहेत. कुणी कुणाला चावत नाही, नुसतं थांबायचं. थांबण्याची किंमत दोघांनाही पडते आणि जो आधी निघून जाईल तो हरतो. याला 'झिजवण्याचं युद्ध' म्हणतात.

आकडे घालून बघू. जिंकल्यावर मिळणाऱ्या गोष्टीचं मोल १०० समजा आणि एक महिना टिकून राहण्याचा खर्च २. दोघांची ताकद सारखी. आता प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला मी स्वतःला विचारतो, आणखी एक महिना थांबू का? थांबलो तर २ नक्की जाणार. मिळणार काय? समोरचा या महिन्यात सोडून देण्याची जी शक्यता असेल, तिच्या पटीत १०० पैकी वाटा. ती शक्यता २ टक्क्यांहून जास्त असेल तर थांबणं फायद्याचं. कमी असेल तर आत्ताच उठावं. हाच हिशेब समोरचाही माझ्याबद्दल करतोय. म्हणजे तोल फक्त एकाच ठिकाणी सापडतो : प्रत्येकाने दर महिन्याला सोडून देण्याची शक्यता बरोबर २ टक्के.

या हिशेबात काय आलं नाही ते बघा. आजवर किती खर्च झाला, हा आकडा त्यात कुठेच नाही. युद्ध तिसऱ्या महिन्यात असो की चाळिसाव्या, पुढच्या महिन्यात ते संपण्याची शक्यता तेवढीच राहते : दोघांची मिळून ४ टक्के. शाळेत किरणोत्सर्ग शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. युरेनियमचा अणू म्हातारा होत नाही. अब्जावधी वर्षं टिकलेला अणू उद्या फुटण्याची शक्यता कालच्याइतकीच असते. आपल्या उदाहरणातल्या युद्धालाही अर्धायुष्य आहे, सुमारे १७ महिने. १७ महिन्यांत अशी निम्मी युद्धं संपतील. उरलेल्यांपैकी निम्मी पुढच्या १७ महिन्यांत. पण एखादं विशिष्ट युद्ध कधी संपेल हे त्याच्या वयावरून सांगता येत नाही.

सरासरी काढली तर असं युद्ध २५ महिने चालतं. प्रत्येकाचा खर्च २५ गुणिले २, म्हणजे ५०. जिंकण्याची शक्यता निम्मी, म्हणजे सरासरी मिळकत ५०. बाकी शून्य. ज्यासाठी भांडण सुरू झालं ते सगळंच्या सगळं मोल भांडणात जळून गेलं. मी हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा त्या शून्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

खऱ्या देशांचं गणित याहून वाईट असतं. माशीला मागचा खर्च आठवत नाही, माणसाला आठवतो. 'इतके जवान गेले, आता माघार घेतली तर त्यांच्या आईबापांना काय सांगायचं?' हा विचार राज्यकर्त्यांच्या मनात येतो आणि लोकांच्याही येतो. मग झालेला खर्च जिंकण्याच्या मोलात जमा होऊ लागतो. १०० चे १५० होतात, १५० चे २००. महिन्याचा खर्च तोच राहिला आणि मोल दुप्पट झालं, तर सोडून देण्याची शक्यता २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर येते. म्हणजे रक्त जितकं सांडतं तितकं थांबणं अवघड होतं.

टीव्हीवर आणि व्हॉट्सअपवर युद्ध संपण्याच्या तारखा सांगणाऱ्या ज्योतिषांचा मला राग येतो तो यामुळे. मंगळ वक्री झाला म्हणून तोफा थंडावत नाहीत. ग्रह आपापल्या कक्षेत फिरत राहतात आणि कीवच्या सैनिकालाही मॉस्कोच्या सैनिकाइतकेच दिसतात. ज्या घटनेला स्वतःचं वयच नाही तिची तारीख कुंडलीतून निघत नाही. २४ तासांत युद्ध थांबवतो असं डोनाल्ड ट्रम्प यांनी निवडणूक प्रचारात सांगितलं होतं. त्या आश्वासनालाही मी याच रांगेत बसवतो. ज्यांची मुलं आघाडीवर आहेत त्यांना खोटी तारीख देणं क्रूरपणाचं आहे.

मग युद्धं संपतात कशी? इथे इराण आणि इराक हे शेजारी बघावे लागतात. २२ सप्टेंबर १९८० ला सद्दाम हुसेनच्या इराकने हल्ला केला. २४ मे १९८२ ला इराणने खोर्रमशहर परत घेतलं. इराकी फौजा मागे हटल्या आणि बगदादने युद्ध थांबवण्याची तयारी दाखवली. तिथे संपायला हवं होतं. पण आता आपणच जिंकू असं तेहरानला वाटलं आणि जुलैत इराणी फौजा बसऱ्याच्या दिशेने निघाल्या. त्यानंतर सहा वर्षं खंदक, विषारी वायू आणि शहरांवर क्षेपणास्त्रं. १९८७ च्या जुलैत सुरक्षा परिषदेचा ५९८ क्रमांकाचा ठराव आला. इराणने तो मान्य करायला आणखी वर्ष घेतलं. या निर्णयाला आयातुल्ला खोमेनींनी विष पिण्याची उपमा दिली. २० ऑगस्ट १९८८ ला गोळीबार थांबला तेव्हा सीमा जवळपास जिथे होती तिथेच होती.

इराण १९८८ मध्ये दमला होता, पण तो १९८४ मध्येही दमलेलाच होता. बदलली होती ती समजूत. एप्रिल १९८८ मध्ये इराकने फाव द्वीपकल्प परत जिंकला, पाठोपाठ आणखी पराभव झाले. ३ जुलैला अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, त्यात २९० माणसं गेली. आपण जिंकू शकत नाही आणि उद्याची स्थिती आजच्याहून वाईट असेल, हे तेव्हा तेहरानला कळून चुकलं. लढाई ही एका अर्थाने माहिती काढण्याची सगळ्यात महाग पद्धत आहे. दोघं आपली ताकद फुगवून सांगतात आणि कोण किती खरं बोलतोय ते प्रेतांच्या राशीतून कळतं.

पण युक्रेनच्या बाबतीत ही माहिती बरीचशी मिळालेली आहे. २०२२ च्या एप्रिलपर्यंत रशियाला कळलं की कीव घेता येत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनला कळलं की सुरुंगांचे पट्टे ओलांडून समुद्रापर्यंत पोचता येत नाही. हजार किलोमीटरहून लांब आघाडी त्यानंतर इंचाइंचाने सरकते आहे. एवढं कळूनही युद्ध चालू राहतं. त्याचं कारण जेम्स फिअरन या राज्यशास्त्रज्ञाने १९९५ च्या एका निबंधात फार नेमकं मांडलं आहे आणि मला ते या विषयाचा गाभा वाटतं. ते कारण म्हणजे शब्द पाळण्याची हमी देता न येणं.

पुन्हा १०० ची भाकरी घेऊ. 'अ' आणि 'ब' यांची ताकद सारखी. युद्धात प्रत्येकाला सरासरी ५० मिळतील, खर्च १०, हातात ४०. म्हणजे ४० ते ६० यांमधली कुठलीही वाटणी दोघांनाही लढण्यापेक्षा परवडते. ५०-५० करून टाका, भांडण संपलं. आता यात एकच गोष्ट घाला. शस्त्रसंधी झाली तर दोन वर्षांत 'अ' कारखाने चालवून, नवी फौज उभी करून बराच बलवान होईल. तेव्हा लढाई झाली तर 'अ'ला सरासरी ७५, खर्च वजा जाता ६५. म्हणजे दोन वर्षांनी 'अ' किमान ६५ मागणार आणि 'ब'च्या वाट्याला जास्तीत जास्त ३५ उरणार. 'ब' आज लढला तर त्याला ४० मिळतात. ४० हे ३५ पेक्षा जास्त. म्हणून ५०-५० चा कागद समोर असतानाही 'ब' लढत राहतो. त्याचं डोकं फिरलेलं नाही की त्याला युद्धाची हौस आहे असंही नाही. 'अ' अगदी मनापासून शपथ घेईल, पण दोन वर्षांनंतरच्या 'अ'ला ती शपथ बांधून ठेवू शकत नाही. दोन देशांच्या वर तसं करू शकणारं कोर्ट नाही, पोलीस नाही.

कीवला ही भीती पुस्तकातून शिकावी लागली नाही. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने युक्रेनच्या सीमांचा मान राखण्याचं लेखी आश्वासन दिलं आणि त्या बदल्यात युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडली. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. पाठोपाठ पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठी मिन्स्कचे दोन करार झाले, सप्टेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५. दोन्ही फसले. मॉस्कोची तक्रार उलट दिशेची आहे. मिन्स्कमुळे युक्रेनला सावरायला वेळ मिळाला, असं जर्मनीच्या माजी चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी डिसेंबर २०२२ मध्ये एका मुलाखतीत म्हटलं आणि रशियाचे नेते ते वाक्य तेव्हापासून पुढे करतात. आक्रमण रशियाने केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हिशेब मांडताना दिसतं ते हेच की, शस्त्रसंधीत समोरचा बळ वाढवील ही धास्ती दोन्ही बाजूंना आहे.

म्हणून या युद्धाच्या शेवटाची शक्यता मी नेत्यांच्या हस्तांदोलनात शोधत नाही. मी बघतो की, कराराच्या मसुद्यात यंत्रणा किती आहे. मधला निर्लष्करी पट्टा किती रुंद? उल्लंघन कोण मोजणार? मोजल्यावर कोण काय करणार? व्हर्जिनिया पेज फोर्ट्ना यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शस्त्रसंधींचा अभ्यास करून दाखवलं आहे की, असे पट्टे, निरीक्षक आणि बाहेरची हमी ज्या करारांत असते ते जास्त टिकतात. नुसतं मोजणं मात्र पुरत नाही. २०१४ पासून पूर्व युक्रेनच्या डोनबास भागात ओएससीई या युरोपीय संघटनेचे नि:शस्त्र निरीक्षक कॅमेरे आणि ड्रोन घेऊन उल्लंघनं मोजत होते, रोज अहवाल देत होते. अहवालानंतर काहीच होत नव्हतं. आज मोजण्याची साधनं त्याहून कितीतरी चांगली आहेत. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतून आणि रात्रीही जमीन बघतं. नासाच्या उपग्रहांना आगीची उष्णता अंतराळातून दिसते आणि ती माहिती कुणालाही फुकट मिळते. रणगाड्यांचा ताफा लपवणं आता फार कठीण झालंय. अडलंय ते पुढच्या पायरीवर : पाहिल्यावर किंमत कोण वसूल करणार?

लहान गोष्टींत हे जमलेलं आहे. जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने काळ्या समुद्रातून धान्याचा मार्ग खुला झाला. इस्तंबूलजवळ दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर जहाजं तपासली जात. वर्षभरात ३ कोटी टनांहून जास्त धान्य बाहेर पडलं, मग जुलै २०२३ मध्ये रशिया त्यातून बाहेर पडला. युद्धकैद्यांची अदलाबदल तर भर लढाईतही चालत आली. मे २०२५ मध्ये दोन्हीकडून हजार-हजार माणसं घरी गेली. इथे हमीचा प्रश्न कमी येतो, कारण देणं-घेणं एकाच वेळी होतं. तू दहा सोड, मी दहा सोडतो. जमीन अशी हप्त्याहप्त्याने सोडता येईल का, हा मला पडलेला प्रश्न आहे.

कैद्यांवरून आठवलं. कोरियात आघाडी १९५१ च्या मध्यालाच गोठली होती. वाटाघाटी १० जुलै १९५१ ला सुरू झाल्या आणि शस्त्रसंधी झाली २७ जुलै १९५३ ला. रेषेवर एकमत बरंच आधी झालं होतं. अडलं होतं ते ज्या कैद्यांना मायदेशी परत जायचं नाही त्यांचं काय, यावर. चीन आणि उत्तर कोरियाच्या बाजूचे असे २२ हजारांहून जास्त कैदी होते. दोघांनाही चालेल असा तिसरा लागत होता, तो भारत झाला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचं नेतृत्व कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात करत होते. छावण्यांत कैद्यांच्याच टोळ्या होत्या, धमक्या होत्या, दंगे होते. ते काम कित्येक महिने चाललं. शेवटी 80 हून जास्त कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि आपल्या सैनिकांबरोबर ते जहाजाने भारतात आले.

तह मात्र कोरियात अजूनही झालेला नाही. चार किलोमीटर रुंद आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब पट्टा तेवढा आहे. पानमुनजोमला त्या पट्ट्यात, दक्षिणेच्या बाजूला, स्वीडन आणि स्वित्झर्लंडचे मोजके अधिकारी आजही राहतात. शस्त्रसंधी पाळली जाते की नाही यावर लक्ष ठेवायला १९५३ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या एका आयोगाचे ते सदस्य आहेत, आणि त्यांच्या बैठका अजून चालू आहेत.