अधीन असणे आणि आज्ञेत राहणे: पत्नीविषयी पौल नेमके काय म्हणतो

बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील ‘स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा’ हे शब्द कानी पडले की नवऱ्याने सांगावे आणि बायकोने मुकाट्याने ऐकावे, असा अर्थ लावून बहुतेक जण मोकळे होतात. पौलाने मात्र अधीन असणे आणि आज्ञा पाळणे या दोन गोष्टींसाठी मूळ ग्रीकमध्ये निरनिराळी क्रियापदे वापरली आहेत.

मुलांना आणि दासांना उद्देशून (६:१, ६:५) तो ‘हुपाकुओ’ म्हणतो. हा शब्द ‘ऐकणे’ या अर्थाच्या ‘अकुओ’पासून झाला आहे, ‘पोरगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार जशी कानांची नसते, तसाच हा शब्दही आज्ञापालनाचा आहे. पत्नीच्या बाबतीत येणाऱ्या ‘हुपोटासो’च्या मुळाशी दुसऱ्याच्या खालची जागा घेण्याची कल्पना आहे. कलस्सैकरांस पत्रातही (३:१८, ३:२०) हा फरक कायम आहे. शिवाय पपायरस ४६ आणि व्हॅटिकन कोडेक्स या प्राचीन हस्तलिखितांत ५:२२ मध्ये क्रियापदच नाही; ते आधीच्या वचनातून, म्हणजे ‘एकमेकांच्या अधीन असा’ या सर्वांना केलेल्या उपदेशातून, घ्यावे लागते. पतीला ‘तिला अधीन ठेव’ असे पौल सांगत नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला दिले तशी प्रीती तो त्याच्याकडे मागतो.

अर्थात, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. पती हा पत्नीचे मस्तक आहे असेही तेथेच लिहिले आहे, आणि त्यातून त्याला किती अधिकार मिळतो यावर मंडळ्यांमध्ये आजही एकमत नाही. प्रेषित पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:६) तर सारेने पती अब्राहामाची आज्ञा पाळली असे सांगताना नेमके ‘हुपाकुओ’च येते. दोन शब्दांमध्ये पक्की भिंत आहे असे म्हणणाऱ्यांनी हे वचन टाळू नये. पण त्याच सारेविषयी बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात (२१:१२) देव अब्राहामाला ‘ती सांगते ते ऐक’ असे म्हणतो, हेही सारेचे उदाहरण देणाऱ्यांनी गाळू नये.

पत्नीने पतीच्या मागे कुठवर जावे, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात दिसते. हनन्याने जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग पत्नी सप्पिरेच्या संमतीने लपवला. सुमारे तीन तासांनी ती आली, तेव्हा पेत्राने तिला स्वतंत्रपणे किंमत विचारली, तिने नवऱ्याचेच खोटे पुढे रेटले, आणि त्याचा जाब तिलाच द्यावा लागला.