ब्राउनची पार्श्वभूमी: गवताशिवायचा गोल्फ कुठून आला

जगातल्या ‘अजब’ गोल्फ कोर्सची यादी निघाली की ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीचा फोटो ठरलेला. ओपलच्या खाणींतून निघालेल्या पांढुरक्या मातीचे ढीग, उघडाबोडका माळ, त्यात एक काळपट गोल चकती आणि चकतीच्या मधोमध झेंडा. फोटोखाली बहुतेक वेळा एखादा विनोद असतो. गोल्फमध्ये चेंडू ज्या कपात (खळग्यात) घालायचा, त्याच्याभोवतीची गुळगुळीत गवताची जागा म्हणजे ग्रीन; गवताऐवजी वाळू असलेली ती चकती म्हणजे ब्राउन. एके काळी जगातला बराचसा गोल्फ अशाच चकत्यांवर खेळला जात होता, हे मात्र त्या यादीत येत नाही.

आधी शब्दांचा गुंता सोडवलेला बरा. भारतात, आखातात आणि पश्चिम आफ्रिकेत ‘ब्राउन’ म्हणतात. अमेरिकेच्या मैदानी राज्यांत त्यालाच ‘सँड ग्रीन’ म्हणतात आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात ‘स्क्रेप’, कारण पट करण्याआधी, म्हणजे चेंडू कपाकडे हलकेच घरंगळवण्याआधी, वाळू ओढून सारखी करावी लागते. तिन्ही नावांची वस्तू एकच: तेल पाजलेल्या वाळूचा सपाट थर. मेलबर्नच्या ‘सँडबेल्ट’चा याच्याशी काही संबंध नाही. तिथे वाळू जमिनीत आहे आणि वर उत्तम गवत आहे. स्कॉटलंडच्या लिंक्सचं, म्हणजे समुद्रकाठच्या कोर्सचंही तसंच. जाहिरातींत मात्र ‘सँड कोर्स’ हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरतात. मग मखमली गवताच्या आशेने आलेला माणूस चेंडू ठेवायची मॅट बगलेत मारून उन्हात उभा राहतो.

खेळ स्कॉटलंडबाहेर पडला आणि हवामान आडवं आलं. कलकत्त्यात १८२९ साली क्लब निघाला, मुंबईत १८४२ साली. बंगालच्या ओल्या हवेत गवताने साथ दिली. दख्खनसारख्या पठारावर पाऊस चार महिने आणि उरलेले आठ महिने कोरडे. फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतची मोकळी पट्टी, पिवळे पडले तरी खेळ चालतो, पण ग्रीनला रोज पाणी लागतं, आणि गावाला टँकर लागत असताना ग्रीनवर पाणी मारणं कुठल्याही काळात शोभलं नसतं. आपल्याकडच्या लष्करी छावण्यांच्या मैदानांवर ब्राउन रुळले ते याच हिशेबाने.

गवत नाही म्हणजे मैदान गरिबाचं, हा समज मात्र चुकीचा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधलं पाइनहर्स्ट हे तेव्हाही श्रीमंतांचं विश्रांतिस्थळ होतं. तिथल्या ‘नंबर दोन’ या कोर्सवर १९०७ पासून १९३५ पर्यंत वाळूचेच ग्रीन होते. अडचण पैशाची नव्हती, गवताची होती. थंड हवेतलं गवत तिथल्या उन्हाळ्यात करपायचं आणि उष्ण हवेतलं हिवाळ्यात झोपी जायचं. १९३६ ची मोठी व्यावसायिक स्पर्धा तिथे ठरली, तेव्हा घाईने बर्म्युडा गवत बसवलं गेलं. आज जे घुमटाकार ग्रीन त्या कोर्सची ओळख आहेत, त्यांच्या जागी आधी सपाट वाळू होती. टेक्सासच्या बाजूला कापूस पिकायचा, तिथे काही ठिकाणी वाळूऐवजी सरकीची टरफलं पसरत. जे स्वस्त आणि हाताशी, ते ग्रीनवर.

तेलाची युक्ती रस्त्यांवरून आली असावी, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत धूळ बसवायला मातीच्या रस्त्यांवर तेल शिंपडण्याची पद्धत सर्रास होती. कोरडी वाळू वाऱ्याने उडते आणि पाण्याने वाहते. तेलाने दाणे एकमेकांना धरून राहतात आणि पाणी फारसं मुरत नाही. मोटारींचं जळकं इंजिन ऑइल गॅरेजमधून फुकट मिळायचं. चकतीचा काळपट तपकिरी रंग त्याचाच.

ब्राउन बनवणं दिसतं तितकं सोपं नाही. आधी दहा-बारा मीटर व्यासाचा गोल आखून मुरूम किंवा चिकणमाती पाणी मारून, रोलर फिरवून दगडासारखी पक्की करायची. पाया सपाट हवा. उतार ठेवला तर पहिल्याच वळवात वाळू खालच्या कडेला जमते आणि वरच्या बाजूला पाया उघडा पडतो. त्यावर चाळलेली वाळू साधारण दोन ते पाच सेंटिमीटर जाडीची. दाणा फार जाड असेल तर चेंडू उड्या मारत जातो, फार बारीक असेल तर उन्हाने पापुद्रा धरतो. तेल वाळूत बाहेरच कालवून घ्यावं. वरून ओतलं की ठिपके पडतात, एका जागी चिखल आणि शेजारी कोरडं. मुठीत दाबल्यावर गोळा धरावा, पण मूठ उघडल्यावर तळव्यावर तेल ओघळू नये, ही खूण. कप मधोमध आणि कायमचा. गवतावर रोज जागा बदलतात, कारण कपाभोवतीचं गवत तुडवलं जातं. वाळू ओढली की पुन्हा नवी.

बिघाडही ठरलेले असतात. तेल कमी पडलं की वरचा थर सुटा होतो, चेंडू पळायच्या ऐवजी रुततो. तेल जास्त झालं की चेंडूला वाळू चिकटते, तो जड होतो आणि शेवटच्या दोन फुटांत कुठेही वळतो. म्हणून ब्राउनवर खेळणाऱ्याच्या खिशात फडकं असतं. भर दुपारी तेल पातळ होऊन थर मऊ पडतो, सकाळी तोच ब्राउन घट्ट आणि वेगवान असतो. धुळीचं वादळ येऊन गेलं की वर पिठासारखी माती बसते. ती ओढून काढायची असते. आत कालवली तर दाण्यांमधल्या फटी भरतात आणि काही महिन्यांत ब्राउनचा रस्ता होतो.

झेंड्याजवळ दोन अवजारं पडलेली असतात: एक दाताळं आणि एक जड लोखंडी पाइप किंवा फळी, लांब दांड्याला आडवी जोडलेली. खेळून झाल्यावर कपापासून सुरुवात करून गोल गोल बाहेरच्या कडेपर्यंत ओढत जायचं, म्हणजे आपलेच पाय आपल्यामागे पुसले जातात. कडेकडून आत आलात तर बाहेर पडताना पुन्हा ठसे.

खरा वाद इथूनच सुरू होतो, आणि तो अजून मिटलेला नाही. चेंडू ब्राउनवर आहे. चार खेळाडूंचे आठ पाय वाळूत उमटले आहेत. पट करण्याआधी आपल्या रेषेवर पाइप ओढायचा की नाही?

गवताचा नियम कडक होता. २०१९ पर्यंत ग्रीनवर फक्त चेंडू आदळून पडलेला खळगा आणि जुन्या कपाची बुजवलेली जागा दुरुस्त करता यायची. बुटाची खूण तशीच ठेवायची. हा नियम अक्षरशः ब्राउनवर लावला तर खेळच बंद पडेल. म्हणून जागोजागी स्थानिक नियम झाले आणि ते एकसारखे झाले नाहीत. ढोबळमानाने दोन पंथ पडले.

पहिल्या पंथात प्रत्येकाने आपल्या चेंडूची जागा खूण करून ठेवायची, चेंडू उचलायचा, खुणेपासून कपापर्यंत एकदाच पाइप ओढायचा, चेंडू जागेवर ठेवून पट करायचा. ‘एकदाच’ या शब्दावर भांडणं होतात. जड पाइप दोनदा ओढला की रेषेला हलकीशी पन्हळ पडते, आणि पन्हळीतला चेंडू कपात जाणारच. काही ठिकाणी ओढण्याची दिशाही ठरवून दिलेली असते, कारण कपाच्या तोंडाशी पाइप थांबवला तर तिथे वाळूचा छोटा बांध तयार होतो. पाइप कपावरून पलीकडे न्यायचा आणि कपात पडलेली वाळू हाताने काढायची.

दुसरा पंथ आणखी पुढे गेला. एकच पट्टा ओढायचा, कडेपासून कपापर्यंत. ज्याचा चेंडू कपापासून जितका लांब, तितकं अंतर दोरीने किंवा टेपने मोजायचं आणि त्याच पट्ट्यावर तितक्या अंतरावर चेंडू ठेवून पट करायचा. वेळ वाचतो, वाळू कमी विस्कटते, सगळ्यांना सारखीच रेषा मिळते. पण ‘चेंडू पडला तिथून खेळा’ हे या खेळाचं पहिलं तत्त्वच यात सुटतं.

दुसऱ्या पंथाचे लोक म्हणतात, ब्राउन सपाटच असतो, डावीकडून आलात काय किंवा उजवीकडून काय, फरक फक्त अंतराचा. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. वाऱ्याने एका बाजूला वाळू जास्त बसते, सावलीतली बाजू घट्ट राहते, आणि कोणत्या बाजूला चेंडू उतरवायचा याचा विचार करणाऱ्या खेळाडूला त्याच्या विचाराचं काहीच फळ मिळत नाही. स्पर्धेत पहिली पद्धत आणि रोजच्या खेळात दुसरी, अशी तडजोड पटण्यासारखी आहे. २०१९ च्या नव्या नियमांनी बुटाच्या खुणा दुरुस्त करायला परवानगी दिली, तेव्हा गवतावर खेळणाऱ्यांत केवढी चर्चा झाली. ब्राउनवाले पिढ्यान्‌पिढ्या तेच करत होते. मात्र पूर्ण रेषा ओढण्याचा प्रश्न त्या बदलानेही सुटला नाही, तो स्थानिक नियमांवरच राहिला.

ब्राउनचा खेळ वेगळा असतो तो पटपेक्षाही त्याआधीच्या फटक्यात. वाळूखाली पक्का पाया असल्यामुळे उंच मारलेला चेंडू ब्राउनवर आदळून पलीकडे उडतो. जाणकार ब्राउनच्या अलीकडे दहा-पंधरा पावलांवर चेंडू टाकतात आणि घरंगळत वर येऊ देतात. फेअरवे खुंट्यांनी आखलेला असतो. त्याच्या आत असाल तर बरोबर आणलेल्या मॅटच्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारायचं. बाहेर गेलात तर दगड असो की काटे, पडला तिथून. अशा कोर्सवर जुना सेट न्यावा, हा सल्ला उगाच नाही. एका फेरीत आयर्नच्या (लोखंडी तोंडाच्या स्टिकच्या) तळाला जेवढे ओरखडे पडतात, तेवढे गवतावर वर्षभरात पडत नाहीत.

१९३० च्या दशकापासून आखातात तेल कंपन्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर ब्राउन पसरले. वाळू अमाप, तेल घरचं. दुबईत १९७१ मध्ये निघालेल्या क्लबमध्ये वाळूवरच खेळायचे. कित्येक मराठी नोकरदारांनी तिकडे पहिल्यांदा स्टिक हातात धरली ती मॅटवरच. १९८८ मध्ये दुबईतच आखातातला पहिला संपूर्ण गवताचा कोर्स सुरू झाला आणि हवा पालटली. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करून वाळवंटात हिरवळ राखायची, हे श्रीमंतीचं लक्षण ठरलं. दुबईचा जुना वाळूचा क्लब २००७ मध्ये बंद झाला. दरम्यान अबुधाबीत विमानतळाशेजारी १९९७ मध्ये मुद्दाम वाळूचा कोर्स काढला गेला आणि २००४ मध्ये तिथे वाळूवरच्या गोल्फची जागतिक स्पर्धा भरली. गवत परवडत नाही म्हणून वाळू, हा काळ संपून वाळूच हवी म्हणून वाळू, हा काळ सुरू झाला होता. आजच्या ‘अजब’ कोर्सच्या यात्रेचं मूळ या वळणात आहे.

काबूलजवळ करघा तलावाकाठी १९६७ पासून गोल्फ होता. युद्धांत बंद पडलेला तो कोर्स २००४ मध्ये पुन्हा उघडला तो सुरुंग काढून झाल्यावर, काळ्या तेलकट ब्राउनसकट. अटलांटिकच्या मध्यावर असेन्शन बेटावर वाळूही नाही, तर दाबून बसवलेल्या लाव्ह्याच्या चुऱ्यावर डिझेल मारून ब्राउन केलेले आहेत आणि बाकी सगळी ज्वालामुखीची राख. तिथे चेंडू किती टिकतो याचा विचार करूनच पिशवी भरावी.

लोक तिथे का जातात, याची उत्तरं साधी आहेत. कूबर पीडीत उन्हाळ्यात दिवसा उभं राहवत नाही, म्हणून रात्री चमकणाऱ्या चेंडूंनी खेळतात. टीच्या, म्हणजे प्रत्येक होलच्या पहिल्या फटक्यासाठी कृत्रिम गवताचा छोटा तुकडा बरोबर वागवायचा. त्या क्लबची स्कॉटलंडमधल्या, गोल्फचं माहेर मानलेल्या सेंट अँड्रूजशी परस्पर खेळण्याची सोय झाली आहे, ही गोष्ट गोल्फवाल्यांना ओपलपेक्षा मोलाची वाटते. गवताचा सुंदर कोर्स जगात कुठेही मिळतो आणि फोटोत सगळे एकसारखे दिसतात. ब्राउनवर मात्र वीस वर्षं खेळलेल्यालाही पहिल्या तीन होलमध्ये आपला चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) पुन्हा शिकावा लागतो.

आता प्रश्न तेलाचा आहे. जळक्या इंजिन ऑइलमध्ये जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात, शिशाच्या पेट्रोलच्या काळात तर शिसंही असायचं. हे तेल जमिनीवर ओतायला बऱ्याच देशांत आता बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. क्लब वनस्पती तेलाकडे वळले. ते निर्धोक, पण विकत घ्यावं लागतं, हवेने हळूहळू घट्ट आणि चिकट होतं आणि खवट वासही येतो. त्यामुळे फेरा वाढतो: तेल घाला, ओढा, चाळा, पुन्हा घाला. जुनी तेलकट वाळू कुठे टाकायची, हा वेगळाच खर्च.

त्यामुळे नवे कोर्स ब्राउनच्या वाटेला जात नाहीत. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये नलरबोर मैदानावर सेडुना ते कॅलगूर्ली असा १,३६५ किलोमीटरचा अठरा होलचा कोर्स सुरू झाला. एकेका गावात किंवा हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी एक-दोन होल, मधे शंभर किलोमीटरचंही अंतर. तिथे बहुतेक ग्रीन कृत्रिम गवताचे आहेत. त्यांना पाणी नको आणि तेलही नको, पण वाळू लागतेच. धागे उभे राहावेत म्हणून त्यांच्या बुंध्याशी कोरडी बारीक वाळू ब्रशने भरावी लागते. वाऱ्याने ती उडून गेली की धागे आडवे पडतात आणि चेंडू ब्राउनवर उडायचा तसाच उडतो.