उच्चपंखी द्विइंजिनी लहान विमानाची निवड

ज्या विमानाचा पंख प्रवासी कक्षाच्या माथ्यावरून जातो, ज्याला दोन पिस्टन इंजिने असतात आणि ज्यात वैमानिकासह साधारणपणे चार ते दहा जण बसू शकतात, त्या विमानाला उच्चपंखी द्विइंजिनी लहान विमान म्हणतात. हवाई पाहणी, छायाचित्रण, रुग्णवहन, वैमानिकांचे प्रशिक्षण आणि कच्च्या धावपट्ट्यांवरची वाहतूक ही त्याची नेहमीची कामे होत. अशा विमानाची निवड करताना किंमत, वेग आणि आसनसंख्या यांची चौकशी आधी होते. खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो: ज्या विमानतळावरून ते रोज उडणार आहे, तेथील उंचीवर आणि तेथील उन्हात, पूर्ण भार घेतलेला असताना एक इंजिन बंद पडले, तर उरलेले इंजिन त्याला वर नेऊ शकेल काय? हे उत्तर गावागणिक बदलते, म्हणून या नोंदीत नाशिक हे ठिकाण धरून विचार केला आहे.

नाशिकचे विमानतळ शहराच्या ईशान्येस ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या आवारात आहे. १९६० च्या दशकात मिग-२१ च्या उत्पादनासाठी उभारलेल्या या कारखान्यातून पुढे सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमाने बाहेर पडली. धावपट्टी ३ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे लहान विमानाला येथे लांबीची अडचण कधीच येत नाही. अडचण येते ती हवेच्या विरळपणाची.

ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर (सुमारे १,९७० फूट) उंचीवर आहे. प्रमाण वातावरणात, म्हणजे विमानांच्या हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, या उंचीवरचे तापमान ११ अंश सेल्सिअस धरलेले असते. मे महिन्यातील दुपारी तेथे पारा ४० अंशांवर जातो, म्हणजे प्रमाणापेक्षा २९ अंश जास्त. दर अंशामागे घनता-उंची (प्रमाण वातावरणात तितकीच विरळ हवा ज्या उंचीवर असते ती उंची) सुमारे १२० फुटांनी वाढते, हा वैमानिकांचा रूढ आडाखा लावला, तर त्या दुपारी धावपट्टीवरची घनता-उंची ५,४०० फुटांच्या, म्हणजे जवळजवळ १,६५० मीटरांच्या घरात पोचते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे ओझरच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाची इंजिने, प्रोपेलर आणि पंख यांना कळसूबाईच्या माथ्यावरची हवा मिळत असते, आणि चढायला सुरुवात तर अजून झालेलीच नसते.

दोन इंजिनांपैकी एक बंद पडले की निम्मी शक्ती जाते, पण चढण्याची क्षमता निम्म्याने घटत नाही, ती सुमारे ८० टक्क्यांनी घटते. याचे कारण असे की विमान हवेत समपातळीत तरंगत ठेवण्यासाठी शक्तीचा मोठा वाटा आधीच खर्ची पडतो आणि चढाई होते ती केवळ उरलेल्या शिलकी शक्तीवर. निम्मी शक्ती गेली की ती शिलक बहुतेक संपतेच. शिवाय बंद इंजिनाचा फिरत राहिलेला प्रोपेलर आणि विमान सरळ ठेवण्यासाठी दाबून धरलेले रडर, म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू, हे दोन्ही हवेचा रोध वाढवतात. कित्येक वर्षे अमेरिकी प्रमाणन नियमांत ६,००० पौंडांपर्यंतच्या (सुमारे २,७२० किलो) आणि ६१ नॉट किंवा त्याहून कमी स्तंभनवेग (ज्याखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग) असलेल्या पिस्टन द्विइंजिनी विमानाने एका इंजिनावर चढलेच पाहिजे अशी अट नव्हती. ५,००० फुटांवर ते किती चढते किंवा किती उतरते, हे मोजून पुस्तिकेत नोंदवले की पुरे होत असे. पुस्तिकेतील तो आकडा उणे असला तरी विमानाला प्रमाणपत्र मिळू शकत होते. दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, ही समजूत येथे पार कोलमडते, आणि प्रत्येक खरेदीदाराने तिला येथेच निरोप द्यावा.

पंख वर असण्याचे फायदे डोळ्यांना दिसणारे आहेत. खालचे दृश्य मोकळे राहते. गंगापूर धरणापासून रामकुंडापर्यंतचे गोदावरीचे पात्र, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षमळे किंवा सिंहस्थातील गर्दीचे रस्ते खिडकीतून अखंड पाहता येतात. प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतात, त्यामुळे कच्च्या पट्टीवरील खडी उडून त्यांच्या पात्यांना खाचा पडण्याची शक्यता कमी होते. स्ट्रेचर आत घेताना पंखावर चढावे लागत नाही. तोट्यांची चर्चा मात्र कमी होते. वळण घेताना आतील बाजूचा पंख खाली येऊन नेमकी वळणाच्या दिशेचीच नजर अडवतो, आणि ओझरसारख्या, लढाऊ विमानांची चाचणी-उड्डाणे चालणाऱ्या आकाशात ही गोष्ट हलक्यावर घेण्याजोगी नाही. इंधन भरायला आणि इंजिनाचे तेल पाहायला प्रत्येक वेळी शिडी लागते. चाके धडाला जोडलेली असतील तर दोन चाकांमधील अंतर कमी राहते आणि आडव्या वाऱ्यात उतरताना वैमानिकाला जास्त जपावे लागते.

या वर्गातील विमाने मोजकीच आहेत. इटलीतील नेपल्स येथे लुइजी पास्काले यांनी आखलेले पार्तेनाविया पी. ६८ हे १९७० मध्ये प्रथम उडाले. २०० अश्वशक्तीची दोन लायकमिंग इंजिने, न मिटणारी चाके आणि सहा आसने अशी त्याची साधी मांडणी आहे. पुढे व्हल्कनएअर या कंपनीने त्याचे उत्पादन चालू ठेवले. भारतीय वाचकाला त्याची विशेष ओळख असायला हवी, कारण १९९० च्या दशकात तमिळनाडूतील होसूर येथे तनेजा एरोस्पेस या खाजगी कंपनीने ते परवान्याखाली बांधले होते. ब्रिटनच्या ब्रिटन-नॉर्मन कंपनीचे आयलँडर १९६५ मध्ये उडाले. ते मोठे, संथ आणि दणकट आहे, नऊ प्रवासी नेते आणि आखूड पट्टीवर उतरते. त्याची मुख्य चाके पंखाखाली इंजिनांच्या ओळीत असल्याने वर सांगितलेला अरुंद चाकांचा दोष त्याला लागत नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे सुमारे २.७ किलोमीटरांचे, जगातील सर्वांत छोटे नियमित हवाई उड्डाण याच विमानाने होत आले आहे. भारतीय नौदलानेही १९७० च्या दशकापासून आयलँडर वापरले. इटलीच्याच टेक्नाम कंपनीचे पी २००६ टी हे २००७ मध्ये उडालेले चार आसनी विमान १०० अश्वशक्तीच्या दोन रोटॅक्स इंजिनांवर चालते. ते हलके असून त्याची चाके मिटतात आणि प्रशिक्षणासाठी त्याला मोठी मागणी आहे. अमेरिकी एरो कमांडर मालिका आता केवळ जुन्या बाजारात मिळते.

सेस्ना ३३७ स्कायमास्टरचा विचार वेगळा करावा लागतो. त्याचे एक इंजिन नाकाशी आणि दुसरे धडाच्या मागच्या टोकाशी आहे, म्हणून एक बंद पडले तरी विमान बाजूला ओढले जात नाही. इतर द्विइंजिनी विमानांत, दोन्ही प्रोपेलर कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर, डावे इंजिन बंद पडणे अधिक घातक ठरते, आणि ठराविक किमान वेगाखाली रडर पूर्ण दाबूनही विमान सरळ राहत नाही. स्कायमास्टरमध्ये हा धोकाच नाही. पण जी ओढ इतर विमानांत वैमानिकाला तत्काळ सावध करते, तीच येथे नसल्याने मागचे इंजिन बंद पडल्याचे ध्यानात न येताच उड्डाण सुरू केल्याचे अपघात घडले, आणि अखेर एका इंजिनावर उड्डाण सुरू करू नये अशी पट्टी कॉकपिटमध्ये लावणे अमेरिकेत सक्तीचे करावे लागले. एक धोका काढून टाकताना त्याची सूचना देणारी खूणही नाहीशी झाली. या विमानाची तरफदारी करणाऱ्यांनी हा इतिहास आवर्जून वाचावा.

भाराचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निवड पुरी होत नाही. पी. ६८ चे कमाल उड्डाणवजन १,९९० किलो आणि साधनांसह रिकामे वजन १,३०० किलो धरू. उरतात ६९० किलो. टाक्यांत ५०० लिटर ॲव्हगॅस (पिस्टन विमानांचे पेट्रोल) भरले तर दर लिटरला ०.७२ किलोप्रमाणे ३६० किलो त्यातच जातात, आणि माणसे व सामान यांच्यासाठी ३३० किलो राहतात. म्हणजे सहा आसनांच्या विमानात चार माणसे आणि त्यांच्या पिशव्या. सहा जणांना न्यायचे असेल तर इंधन कमी भरावे लागते. नाशिक-मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १६० किलोमीटर असल्याने तेवढ्यासाठी कमी इंधन चालेल, असे वाटते. पण मुंबईवर रांगेत घिरट्या घालाव्या लागल्या किंवा पावसामुळे परत फिरावे लागले, तर राखीव इंधनाचा प्रत्येक लिटर मोलाचा ठरतो. मे महिन्यात तर कमाल वजनापर्यंत भरण्याचा विचारच सोडावा आणि निघण्याची वेळ सकाळी आठच्या आत ठेवावी.

इंधनाचा प्रश्न भारतात अधिक टोकदार आहे. पिस्टन इंजिनांना लागणारे ॲव्हगॅस १०० एलएल पूर्वी आयात होत असे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशी ॲव्हगॅस बाजारात आणले, तरी ते मोजक्याच ठिकाणी मिळते आणि महाग असते. पी २००६ टी दोन्ही इंजिने मिळून तासाला ३५ ते ४० लिटर, पी. ६८ सत्तर ते ऐंशी लिटर, तर आयलँडर शंभरच्या आसपास इंधन पिते. रोटॅक्स इंजिन मोटारीच्या पेट्रोलवरही चालते, हे कागदावर आकर्षक दिसते. परंतु त्या इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य आहे आणि आपल्याकडील पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते, त्यामुळे नाशिकच्या खरेदीदाराने ही सोय हिशेबात धरू नये. इंधनाच्या बाबतीत निश्चिंत राहायचे असेल तर विमानतळांवर सहज मिळणाऱ्या टर्बाइन इंधनाकडे वळावे लागते. तेथे मग कानपूरला बनणारे १९ आसनी डॉर्निअर २२८ समोर येते, पण ते आकाराने आणि खर्चाने वेगळ्या वर्गातले आहे.

पावसाळ्यात नाशिकला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नैऋत्येचा वारा सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे उतरतो, तेव्हा इगतपुरी-त्र्यंबकच्या रांगेच्या आडोशाला हवा खाली ओढली जाते. एका इंजिनावर मिनिटाला शे-दोनशे फूटच चढू शकणाऱ्या विमानाला ही खालची ओढ निभावत नाही, म्हणून पश्चिमेकडे जाताना घाटाला पोचण्याआधीच पुरेशी उंची गाठलेली असावी. दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरमधील, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागातील, बर्फाची. बाहेर वीस-बावीस अंश तापमान आणि दाट दमट हवा असताना, गोठण्याचा प्रश्नच नाही असे वाटते त्या वेळीच, कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ धरतो आणि इंजिन हळूहळू शक्ती गमावते. जुलै-ऑगस्टमधील नाशिकची हवा नेमकी अशी असते. पी. ६८ ला इंधन-अंतःक्षेपणाची, म्हणजे कार्ब्युरेटरशिवाय इंधन फवारणारी, इंजिने असल्याने ते यातून सुटते. २६० अश्वशक्तीच्या आयलँडरमध्ये आणि पी २००६ टी मध्ये कार्ब्युरेटर असल्यामुळे तेथे ही खबरदारी घ्यावीच लागते.

वापरलेले विमान घेताना कागदपत्रांइतकेच लक्ष हाताने तपासायच्या गोष्टींना द्यावे. रात्रभर पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या टाकीच्या तळाचा नमुना पारदर्शक नळीत काढून उजेडात धरला, तर निळसर ॲव्हगॅसच्या खाली रंगहीन पाण्याचा गोळा स्वच्छ दिसतो. तो दिसला तर टाकीच्या झाकणाचे रबर पाहावे. प्रोपेलरची पाती वाऱ्याच्या दिशेला वळवून रोध कमी करण्याची यंत्रणा, म्हणजे फेदरिंग, दोन्ही बाजूंना चालवून बघावी. पुष्कळ प्रोपेलरांत मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांखाली आतील खुंट्या पाती अडवून धरतात, म्हणून इंजिन पूर्ण थांबण्याआधीच ती वळवावी लागतात आणि तेवढा अवधी मिळतो की नाही हे कळणे आवश्यक असते.

शेवटची चाचणी उकाड्याच्या दिवसात, नेहमी न्यायचा तेवढा भार घेऊन, ओझरपासून दूर आणि सुरक्षित उंचीवर करावी. अनुभवी प्रशिक्षकाने एका इंजिनाची शक्ती शून्य-कर्षणापर्यंत, म्हणजे त्याचा प्रोपेलर विमानाला ना ओढेल ना अडवेल इतकी, उतरवावी, विमान पुस्तिकेतील सर्वोत्तम चढाईच्या वेगावर स्थिर करावे, आणि पाच मिनिटांत उंचीमापकाचा काटा कोठून कोठे गेला तो आकडा त्या दिवसाच्या तापमानासह पुस्तिकेतील तक्त्याशेजारी लिहून ठेवावा.