जेम्स बर्जेस आणि ‘इंडियन अँटिक्वरी’

वेरूळ-अजिंठ्यावरच्या जुन्या ग्रंथांत जेम्स बर्जेस हे नाव हटकून भेटतं. पण लेण्यांच्या मोजमापांइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, महत्त्वाचं काम त्यांनी मुंबईत बसून केलं, ते म्हणजे एक मासिक चालवण्याचं.

बर्जेस स्कॉटलंडचे, जन्म 1832चा. 1855मध्ये ते कलकत्त्याला शिक्षक म्हणून आले. 1861मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई पारशी संस्थेच्या शाळेचे प्रमुख झाले. पुरातत्त्व खात्यातली नोकरी पुढची, 1874ची. त्याआधीच, 1872मध्ये, त्यांनी प्राचीन भारताच्या अभ्यासाला वाहिलेलं ‘इंडियन अँटिक्वरी’ हे मासिक सुरू केलं होतं. विद्वत्सभांची नियतकालिकं तेव्हाही होती, पण सभेत वाचलेला निबंध छापून हाती यायला बराच काळ जाई. मासिकात लेख आला की त्याचं खंडनही लगेच छापता येई.

पहिल्याच वर्षी याचा प्रत्यय आला. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी पतंजलीच्या काळावर लेख लिहिला. पतंजलीच्या ‘महाभाष्य’ या व्याकरणग्रंथात वर्तमानकाळाचं उदाहरण म्हणून ‘इह पुष्यमित्रं याजयामः’ असं वाक्य येतं, म्हणजे आम्ही इथे पुष्यमित्राचा यज्ञ चालवत आहोत. सुरू झालेली पण अजून न संपलेली क्रिया दाखवायला वैयाकरण हे वाक्य देतो, तर तो इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या या शुंग राजाचा, पुष्यमित्राचा, समकालीनच असला पाहिजे, असा भांडारकरांचा युक्तिवाद. त्यातून पतंजलीचा काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर येतो. बर्लिनच्या वेबरना हे पटलं नाही. त्यांचे आक्षेप आणि भांडारकरांची उत्तरं याच मासिकात छापली गेली. मुंबईचा एतद्देशीय प्राध्यापक आणि युरोपातला नामांकित पंडित एकाच पानावर, बरोबरीने वाद घालताहेत, हे त्या काळी साधं नव्हतं. भगवानलाल इंद्रजींसारख्या इंग्रजी विद्यापीठाबाहेरच्या शिलालेखतज्ज्ञासोबत तर बर्जेसनी 1881मध्ये लेण्यांतल्या लेखांचं पुस्तकच काढलं.

1884पर्यंत संपादन त्यांच्याकडे होतं. नंतर ते फ्लीट आणि टेंपल यांच्या हाती गेलं. बर्जेस 1886मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, कोरीव लेखांसाठी त्यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ सुरू केलं आणि 1889मध्ये निवृत्त होऊन ते एडिंबरोला परतले. तिथे हा गृहस्थ गणिताकडे वळला. संभाव्यताशास्त्रात लागणाऱ्या एका संकलाची (इंटिग्रलची) सविस्तर कोष्टकं त्यांनी 1898मध्ये प्रसिद्ध केली. 1916मध्ये ते वारले. मासिक 1933पर्यंत चाललं.