रेडिओ मोडेम जोडणी (पॉइंट-टू-पॉइंट)

दोन ठरावीक ठिकाणच्या यंत्रांमध्ये तारेऐवजी रेडिओ लहरींवरून माहितीची ने-आण करणारी व्यवस्था. माहितीचे लहरींत आणि लहरींचे माहितीत रूपांतर करणारा मोडेम दोन्ही टोकांना असतो. नदीकाठचे पंपघर आणि टेकडीवरची पाण्याची टाकी हे तिचे नेहमीचे ठिकाण: टाकीतली पातळी खाली कळते आणि त्यानुसार पंप चालू-बंद होतो.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे; २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. प्रेषकाची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनासह प्रभावी उत्सर्जित शक्ती ४ वॅटपर्यंत चालते. अमेरिकेतल्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झसाठी बनवलेले मोडेम इथे बसवू नयेत. त्या पट्ट्याचा काही भाग आपल्याकडे मोबाइल सेवेसाठी आहे.

जोडणी टिकेल की नाही, हे मोडेमपेक्षा मधली वाट ठरवते. समोरचा अँटेना दिसला म्हणजे झाले, असे नसते. लहरींना दृष्टिरेषेभोवतीचा फुगीर भाग, म्हणजे फ्रेनेल क्षेत्र, मोकळा लागतो. ५ किलोमीटर अंतरावर मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे २१ मीटर भरते; पैकी निदान ६० टक्के, म्हणजे साडेबारा मीटर, झाडा-घरांपासून मोकळी हवी. या वारंवारतेला पावसाची सर फारशी अडवत नाही, पण ओली पालवी अडवते. म्हणून उन्हाळ्यात निष्पर्ण झाडांतून घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये.

एवढ्या अंतरात मोकळ्या वाटेतही संदेश १०५ डेसिबलने क्षीण होतो. प्रेषक १ वॅटचा (३० डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत ३० डेसिबल), दोन्हीकडे ८ डेसिबल लाभाचे यागी (एकाच दिशेला शक्ती एकवटणारे, कांड्यांचे) अँटेना आणि केबलमध्ये एकूण ४ डेसिबल घट धरली, तर पलीकडे उणे ६३ डीबीएम पोचतात. हे पुरेसे आहे. मात्र आरजी-५८सारखी बारीक केबल दर १० मीटरला ५ डेसिबलच्या आसपास खाते. जाड केबल घ्यावी किंवा मोडेमच खांबावर चढवावा.

खांबावर जाण्याआधी दोन्ही मोडेम टेबलावर, कमीत कमी शक्तीवर बोलते करावेत. नेटवर्क क्रमांक, वारंवारता आणि हवेतला (रेडिओवरून माहिती जाण्याचा) वेग दोन्हीकडे सारखा ठेवतात. एक मास्टर (संवाद सुरू करणारा), दुसरा स्लेव्ह (उत्तर देणारा). अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती जिरवणारा रोध) न लावता वीज दिल्यास परतणाऱ्या शक्तीने प्रेषक जळू शकतो. वर दोन्ही यागींच्या कांड्या एकतर उभ्या, नाहीतर आडव्या असाव्यात. एक उभी, एक आडवी झाली की २० डेसिबलच्या आसपास नुकसान. मग संदेशाची पातळी बघत अँटेना सावकाश फिरवावा आणि शिखर ओलांडून परत यावे, नाहीतर बाजूच्या लहान शिखरावरच तो अडकतो.

मॉडबस (यंत्रांमधल्या प्रश्नोत्तरांची एक प्रचलित पद्धत) वापरत असल्यास उत्तराची वाट पाहण्याचा वेळ तारेपेक्षा जास्त ठेवावा लागतो.